अर्धी क्रेन

४ डिसेंबर १९९८, शुक्रवार

पुन्हा अडकलं! पुन्हा त्याच जागी. वर निळं आकाश, खाली अर्धी क्रेन – आणि संपलं. बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ. क्लिक केलं, माऊस हलवला, आपटला. ढिम्म. शेवटी बटण दाबून मशीनच बंद केलं.

गंमत म्हणजे सगळ्या साइट अडकत नाहीत. मेल उघडतो. बातम्यांची पानं उघडतात. क्रिकेटचा स्कोअर तर पटकन उघडतो, महिपती सर दुसरं काही बघतच नाहीत. फोटोवाली साइट आली की मात्र कधी उघडते, कधी नाही. आणि ही क्रेनवाली आजवर एकदाही पुरी उघडलेली नाही. का? हा 'का' मला दिवसभर चावत राहतो. सर म्हणतात, "सोड गं, ब्राउझरचा मूड असतो." मूड! आणि हा माणूस कॉम्प्युटरचा क्लास चालवतो.

क्रेन मुनीरासाठी. आमचा क्लास, म्हणजे मी शिकवते तो, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात, अब्बासचाचांच्या घराच्या तळमजल्यावर. मुनीरा त्यांची सून, वर राहते. नवरा सलमान सौदीला बांधकामाच्या कंपनीत आहे. क्रेन त्या कंपनीची. शुक्रवारी दुपारी बॅच नसते, अर्धी मुलं नमाजाला जातात, म्हणून तो आमचा नेटचा दिवस. तेवढ्यात ती ओढणी सावरत खाली येते आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहते. आज अर्धी क्रेन बघून म्हणाली, "एवढं तरी आलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ डिसेंबर, सोमवार

निलेशला विचारलं. (मावसभाऊ. पेणला कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याचा त्याला फार गर्व आहे.) म्हणाला, रॅम कमी असेल. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर रॅम हेच औषध!

११ डिसेंबर, शुक्रवार

ब्राउझरने साठवलेली जुनी पानं पुसली. ब्राउझरच काढून पुन्हा टाकला. पडद्यावर नाचणारं, हलणारं जे जे बंद करता येतं ते बंद केलं. मुनीरा आली, साइट लावली. आकाश, अर्धी क्रेन, घड्याळ. शाब्बास.

आज मात्र तिने सगळं सांगितलं. जिन्यात, हळू आवाजात. सलमानचा करार एकतीस जानेवारीला संपतोय. कंपनी म्हणते, आणखी दोन वर्षांची सही कर. चाचा म्हणतात, कर – वरचा स्लॅब व्हायचाय. चाची काही म्हणत नाहीत म्हणजे त्यांचंही तेच, असं मुनीरा धरून चालते. आणि हिला फक्त एक शब्द त्याच्या कानावर घालायचाय. ये. बस्स.

"मग फोनवर सांग की!"

"फोन येतो वरच्या खोलीत. चाचा इकडे, अम्मी तिकडे, शेजारची दोघं-तिघं मधी. काय सांगू? बरे आहात ना, जेवता ना, झालं. पत्र आलं तर चाचा सगळ्यांना वाचून दाखवतात. माझं जाताना बी वाचतात."

आणि आता तर दिवाळीपासून त्याचा फोनच नाही. तो बांधकामाच्या नव्या जागी गेलाय, तिथला नंबर कोणाकडे नाही. कंपनीच्या वेबसाइटवर कामगारांच्या सगळ्या कॅम्पचे नंबर असतात असं तिला कोणीतरी सांगितलंय. नंबर मिळाला की ती पूल ओलांडून रोह्याच्या बूथवर जाणार, काच लावून घेणार आणि तो एक शब्द बोलणार. म्हणून ती माझ्या खुर्चीमागे उभी असते! आणि मी हिला अर्धी क्रेन दाखवते.

आता मला हे सोडवायचंच आहे.

१४ डिसेंबर, सोमवार

पेणहून येताना एसटीत सुचलं. चित्रंच बंद करायची! ब्राउझरला सांगायचं, नुसता मजकूर आण. नागोठण्याला गाडी अर्धा तास थांबली तेव्हा मी तिथेच उतरून पळत सुटणार होते.

१५ डिसेंबर, मंगळवार

केलं. पान आलं! सगळंच्या सगळं, खालपर्यंत. मुनीराला हाक मारणार तेवढ्यात बघितलं तर 'संपर्क' या शब्दाखाली रिकामा चौकोन. त्या शहाण्यांनी नंबर चित्रातच लिहिलेत. रंगीत अक्षरांची हौस! चित्र सुरू केलं की नंबर येणार, आणि चित्र सुरू केलं की अडकणार. मी मोठ्याने हसले. सर घाबरले.

१८ डिसेंबर, शुक्रवार

मुनीरा आली. अडकलं. लिहायला नवीन काही नाही.

हां, एक आहे. वरचा फोनही बिघडलाय म्हणे. चाची रिसीव्हर उचलतात तर आतून कसलासा आवाज. चाचांनी दोनदा तक्रार केली, लाईनमन सकाळी येऊन तपासून गेला – फोन ठणठणीत. चाचांनी त्याला चहा पाजून वर चार शब्द सुनावले. मुनीरा म्हणाली, "खाली तुजं अडकतं, वर आमचा फोन. हे घरच असलं हाय."

तिला हसू येत नव्हतं. मला आलं, आणि मग वाईट वाटलं.

२२ डिसेंबर, मंगळवार

रोजे सुरू झालेत. वर दिवसभर सामसूम.

आज काय झालं! पेणच्या एका कारखान्याने आपल्या गणपतींचे फोटो साइटवर टाकलेत, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी. मुनीराबरोबर मागच्या आठवड्यात लावली होती तेव्हा सोंडेपाशी अडकली होती. आज मी एकटीच होते. सहज लावली. मुकुट, सोंड, मोदक, उंदीर – पूर्ण! मग दुसरा गणपती. मग तिसरा. हावरटासारखी बारा गणपती बघितले. क्रेन लावणार तर बॅच आली.

मग डोक्यात आलं. अडकतं कधी? आठवून आठवून बघितलं. शुक्रवारी अडकतं. मधल्या वारी मुनीरा दोनदा आली होती, तेव्हाही अडकलं. ती नसताना एकदाही नाही. म्हणजे साइटचं काही नाहीच! पान जड असलं आणि मुनीरा खोलीत असली, की अडकतं. हलकं पान ती असतानाही सटकून येतं.

माणूस बघून ब्राउझर थांबतो? हे काय भलतंच!

२३ डिसेंबर, बुधवार

सरांना सांगायला नको होतं. मी शोध लागल्यासारखी सांगत होते आणि हा माणूस जिन्यात उभ्या मुनीरासमोर म्हणाला, "अगं, तिचा पायगुण!" स्वतःच हसले. ती वर निघून गेली.

सरांशी दिवसभर बोलले नाही. त्यांनी दोनदा वडापाव मागवला. मी खाल्ला नाही.

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

मुनीरा आली नाही. मागच्या शुक्रवारीही नाही. मी क्रेन लावून बघितली तर सरांनी मधेच स्कोअरसाठी मशीन ओढून घेतलं, हल्ली रोजचंच. चिडचिड झाली. नवीन वर्ष वगैरे काही नाही.

६ जानेवारी, बुधवार

वर गेले. चाची झोपाळ्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे मुनीराशी हळू काही बोलायची सोय नाही. मी नुसतं म्हटलं, "येत जा गं खाली." मुनीरा म्हणाली, "नको. माज्यामुळे तुजं काम अडतं."

मला रडूच आलं. असलं काही नसतं म्हणून मी तिला समजावलं, पण आतून मला ठाऊक आहे की मी स्वतःच ते मोजून बघितलंय. ती असली की अडकतं. हे खरं आहे आणि तरी खोटं आहे. मधे काहीतरी आहे, मला दिसत नाही एवढंच.

कोपऱ्यात त्यांचा फोन होता. त्याला भरतकामाचा झगा. एवढा नटलेला फोन आणि बिचारा आजारी.

१० जानेवारी, रविवार, पेण

मिळाला!

निलेशच्या दुकानात गेले होते. फोनच्या वायरीवरून नेट आणणारा आमचा मोडेम पिशवीत घालून नेला होता, सरांना न विचारता. त्याच्या फोनला लावला. क्रेन आली. पूर्ण! तिच्या टोकाला एक माणूस पिवळी टोपी घालून उभा आहे – दीड महिना मी ज्या क्रेनसाठी झुरत होते तिच्या टोकाला माणूस आहे हे मला माहीतच नव्हतं. मग 'संपर्क'. ऑफिसचा नंबर, कॅम्पचे नंबर, सगळे रंगीत अक्षरांत. हातावर लिहून घेतले.

निलेश म्हणाला, "मोडेम चांगला, साइट चांगली. मग तुमची लाईन खराब. मधेच खरखर आली की मोडेम गांगरतो. लाईन तुटत नाही, नुसतं सगळं थांबतं. छोटं पान तोवर येऊन गेलेलं असतं, मोठं सापडतं."

"खरखर कशाने येते?"

"कोणी दुसरा फोन उचलला तर."

"क्लासला दुसरा फोनच नाही. पहिलाही नाही. नुसता मोडेम आहे."

"मग उंदीर," निलेश म्हणाला. रॅमनंतर उंदीर.

१३ जानेवारी, बुधवार

दोन दिवस आम्ही दोघी बूथवर. भाजी आणायच्या नावाखाली पूल ओलांडायचा. ऑफिसात एकाने इंग्रजीत सांगितलं, सलमान अब्बास, तिसऱ्या कॅम्पवर. तिसऱ्या कॅम्पचा फोन नुसता वाजतो. रोज्यांत कामाच्या वेळा बदलल्यात म्हणे. बूथवाला म्हणाला, पुन्हा बघा. मुनीराने खरंच कोथिंबीर घेतली, घरी काहीतरी दाखवायला हवं म्हणून.

१५ जानेवारी, शुक्रवार

मी मूर्ख आहे. मी शुद्ध, अस्सल, आयएसआय मार्क मूर्ख आहे.

चाचींनी रोजा सोडायला वर बोलावलं होतं. मी जरा लवकरच गेले. मुनीरा खाली वाण्याकडे गेली होती. सर खाली नेटवर बसलेले. मी भजी तळायला हात लावला. चाची उठल्या, फोनचा झगा बाजूला केला, रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, माझ्यापुढे धरला. "बघ गो. कढईत मासळी टाकल्यासारखा आवाज. तूच सांग."

ऐकला. मोडेम!! माझा मोडेम! हा आवाज मी झोपेत ओळखेन.

म्हणजे लाईन एकच. वरचा फोन आणि खालचा मोडेम एकाच वायरीवर. आणि चाची म्हणाल्या ते तर ऐकण्यासारखं होतं: "मला घंटी ऐकू येत नाय. मुनीरा घरात असली तर ती ऐकते. ती खाली गेली का मी आपली उचलून बघते, सलमान तर नाय त्यात."

मुनीरा खाली माझ्या खुर्चीमागे उभी राहून त्याला शोधते. म्हणून वर त्याची आई रिसीव्हर उचलून त्याला शोधते. म्हणून माझी क्रेन अर्धी राहते. आणि हे सगळं चाललेलं असताना लाईन माझ्याच ताब्यात, म्हणजे तो तिकडून फोन लावतोय आणि त्याला एंगेज! शुक्रवारी दुपारी. त्याचा सुट्टीचा दिवस आणि आमचा नेटचा. नेट कधी आलं? दिवाळीनंतर. त्याचा फोन कधीपासून नाही? पायगुण म्हणे!

रोजा सोडताना तोंडातला खजूर तसाच राहिला. वर काही बोलले नाही. खाली येऊन सरांना धरलं. ते खुर्चीत आकसले. "नवीन कनेक्शनला वेटिंग किती माहितीये तुला? चाचांना विचारूनच वायर घेतली. बिल मी भरतो ना! एखादा फोन करायला म्हणून –"

"एखादा? तुम्ही अख्खी टेस्ट मॅच बघता त्यावर!"

"चाचांना सांगू नकोस. क्लास उठवतील. तुझी नोकरी पण जाईल."

तेही खरं. जिन्यात मुनीराला मात्र सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्हंजे तो फोन करत होता." एवढंच. आणि चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

मोडेमची वायर मी स्वतः काढली आणि खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली.

१६ जानेवारी, शनिवार

नेट बंद. सर पेपरात स्कोअर वाचतायत. चाचा खूश – फोन आपोआप बरा झाला, लाईनमनला शिव्या घातल्याचा गुण!

घंटी नाही.

१८ जानेवारी, सोमवार

बूथवरून कॅम्पचा फोन लागला. मुनीराच्या हातात रिसीव्हर. मी काचेबाहेर. तिचे ओठ दिसत होते. सलमान, सलमान, असं दोनदा. मग ती नुसतीच ऐकत राहिली.

कोणी मलबारी बोलत होता. "वो तो गया. सामान लेके गया." कुठे? "मालूम नहीं." लाईन कटली.

पुलावर ती थांबली. कुंडलिकेला भरती आली होती. म्हणाली, "सही करून दुसरीकडे पाठवला असंल." मला उत्तर शोधायची एवढी खाज, आणि ऐन वेळी तोंडातून एक धड वाक्य निघत नाही. तिची पिशवी धरली आणि चालत राहिले.

२० जानेवारी, बुधवार, ईद

सलमान आलाय!

काल संध्याकाळी, दोन बॅगा घेऊन, रिक्षाने. मी आज शिरखुर्मा खायला गेले तर समोर उभा. उंच, काळवंडलेला, हसतो छान. म्हणाला, "दोन महिने घरचा फोन एंगेज! दर जुम्म्याला लायनीत उभा राहून लावतो, एंगेज. म्हटलं घरात कोणतरी गेलंय आणि सगळे फोनवर तेच बोलतायत, फक्त मला सांगत नायत. शेवटी रजा टाकली. म्हटलं, जाऊनच बघतो." सगळे हसले. मी शिरखुर्म्यात तोंड खुपसलं. मुनीराने तर माझ्याकडे बघायचंच टाळलं.

पण गाडी तिथेच अडलीय. रजा मिळाली ती अटीवर. एकतीसच्या आत कंपनीचा माणूस इथे फोन करणार. सलमान हो म्हणाला की तिकीट आणि दोन वर्षं. फोन झालाच नाही तर जागा दुसऱ्याला. चाचांनी खुर्ची उचलून फोनशेजारी नेऊन ठेवलीय. आपल्या दुकानातून तीनदा घरी येऊन विचारतात, आला का.

मुनीराने त्याला तो शब्द सांगितला. काल, समोरासमोर. शब्द बदलावा लागला – थांब. तो म्हणाला, "मलाबी नाय जायचं. पण अब्बांच्या तोंडावर नाय म्हणवत नाय. फोन आला तर जाईन. नाय आला तर नशीब."

निघताना चाचींनी मला दाराशी धरलं. "तुजी मशीन बंद हाय काय गो हल्ली?"

"हो चाची."

"वाटलंच. तो मासळी तळल्याचा आवाज गेला." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. चाचींना सगळं कळलंय. चाचांना सांगतील?

२३ जानेवारी, शनिवार

आज तिकडे आठवड्याचा पहिला दिवस. ऑफिसं उघडली. सकाळीच मुनीरा खाली आली, खुर्चीमागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वायर परत लाव."

लावली. आता एंगेज कंपनीला! सगळ्यात जड साइट कुठली ते मला विचारायला नको. आकाश आलं. अर्धी क्रेन आली. आणि थांबली.

वर चाचींनी रिसीव्हर उचलला होता, तोच मासळीचा आवाज ऐकत असणार. शेजारी खुर्चीत चाचा. आम्ही दोघी जिन्याकडे कान लावून बसलो – आता त्यांची हाक येणार, आता पावलं वाजणार. आजवर अडकलं की मी लगेच बटण दाबायचे. आज हात मांडीखाली घालून बसले. कोणी आलं नाही. मग वाळूचं घड्याळ गेलं, क्रेन पुढे सरकली, वर वर, पार पिवळ्या टोपीवाल्या माणसापर्यंत.

वरून चाचींचा मोठा आवाज आला, चाचांना सांगत होत्या, "फोन चांगला हाय. कोणाचा नाय आला."